क्रूसाभोवतीचे कडे

आजचे वाचन : गलतीकरांस पत्र ६:११-१८
सोबत वाचा : गणना २१:४-९, २ राजे १८:१-७



गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल लेखनिकाच्या हातातून लेखणी घेतो आणि स्वतःच्या हाताने, मोठमोठ्या अक्षरांत लिहायला लागतो. एवढे काय निकडीचे होते? त्या मंडळ्यांमध्ये भांडण चालले होते ते अंगावरच्या एका खुणेवरून. सुंता झालेली असली तर तू आमचा, नसली तर परका. त्यावर पौल म्हणतो की मला अभिमान बाळगायचा आहे तो फक्त प्रभू येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभाचा. बाकी खुणा असोत वा नसोत, नवी उत्पत्ती झाली की नाही ते बघा.

हा शास्त्रभाग आज घेतला त्याला एक कारण आहे. आमच्या प्रार्थना-गटातल्या एका कुटुंबातली आई प्रभूमध्ये निजली. मुलांनी पैसे साठवून कबरेवर दगडी क्रूस बसवायचे ठरवले. पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्याने मोबाईलवरून नमुना पाठवला. उभा क्रूस, आणि जिथे दोन दांड्या एकमेकींना छेदतात तिथे भोवती गोल कडे. सोलापूरच्या कारागिराला इसारही दिला. मग मंडळीतल्या एका वडिलांनी हरकत घेतली. हे गोल म्हणजे सूर्य, हे मूर्तिपूजकांचे चिन्ह, आपल्या बहिणीच्या डोक्याशी हे नको. काम थांबले. मुले दुखावली, वडीलही दुखावले, आणि दोन्हीकडून मला विचारणे झाले की ताई, तुम्ही वाचता, सांगा खरे काय ते. म्हणून बसून वाचले. जे मिळाले ते इथे मांडते.

या क्रूसाला सेल्टिक क्रूस म्हणतात. आयर्लंड, स्कॉटलंड आणि ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर असे दगडी क्रूस उभे आहेत. त्यांतले नावाजलेले साधारण आठव्या ते दहाव्या शतकातले. म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूटांचे राज्य होते आणि वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, तेच दिवस. तिकडचे पाथरवटही दगडच फोडत होते.

सूर्याची गोष्ट कुठून आली ते आधी बघू. लोकांत अशी कथा आहे की आयर्लंडला सुवार्ता नेणाऱ्या पॅट्रिकने तिथल्या लोकांच्या सूर्यचिन्हावर क्रूस ठेवला आणि दोन्ही जोडून टाकले. कथा छान आहे, पण तिला आधार नाही. पॅट्रिक पाचव्या शतकातला आणि हे कडे असलेले क्रूस त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी उभे राहिलेले. शिवाय पॅट्रिकचे स्वतःचे लिखाण आज उपलब्ध आहे. सोळाव्या वर्षी त्याला पळवून नेऊन गुलाम केले गेले, सहा वर्षे त्याने परक्या मुलखात गुरे राखली, पुढे सुटला आणि ज्यांनी गुलाम केले त्यांच्याकडेच वचन घेऊन परत गेला. हे सगळे त्याने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. त्याच लिखाणाच्या शेवटी तो बजावतो की हा सूर्य देवाच्या आज्ञेने उगवतो, तो राज्य करणार नाही, त्याची पूजा करणाऱ्यांचा नाश होईल. आपण भजतो तो खरा सूर्य म्हणजे ख्रिस्त. असा माणूस क्रूसावर सूर्य चढवून देईल हे मला तरी पटत नाही. (मलाखी ४:२ काढून बघा. ख्रिस्ताला सूर्याची उपमा देणे शास्त्राला नवे नाही.)

मग कडे आले कुठून? अभ्यासक दोन गोष्टी सांगतात, आणि मला दोन्ही आवडल्या.

पहिली गोष्ट कारागिराची आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाचे लहानसे बेट आहे. इ. स. ५६३ मध्ये कोलंबा नावाचा आयरिश संन्यासी बारा सोबत्यांना घेऊन तिथे आला असे मानतात. त्याच्या मठात पुढे मोठमोठे दगडी क्रूस उभारले गेले. त्यांतला एक योहानाच्या नावाचा आहे. त्याच्या आडव्या हातांचा विस्तार दोन मीटरहून जास्त. दगडाचे एवढे लांब हात दोन्ही बाजूंना अधांतरी राहिले, तर वजनाने मोडणारच. अभ्यासकांचे म्हणणे असे की हा क्रूस मुळात कड्याशिवाय होता, उभारल्यावर कोसळला, आणि दुरुस्त करताना हातांना आधार म्हणून चारही कोनांत दगडाचे वक्र तुकडे बसवले. पुढे तेच रूप इतरांनी घेतले असावे. आपल्याकडे बैलगाडीचे चाक बनवणाऱ्या सुताराला हे सांगायला नको. आरे कितीही मजबूत असोत, भोवतीची धाव नसेल तर चाक पसरते. आज त्या क्रूसाचे मूळ तुकडे आयोनाच्या संग्रहालयात आहेत, बाहेर प्रतिकृती उभी आहे. मार्टिनच्या नावाचा शेजारचा क्रूस मात्र आठव्या शतकापासून वारापावसात जागच्या जागी उभा आहे.

दुसरी गोष्ट जुनी आणि आपल्या मनननासाठी जास्त मोलाची. रोममध्ये, व्हॅटिकनच्या संग्रहालयात, चौथ्या शतकातली एक दगडी शवपेटी आहे. तिच्या मधल्या चौकटीत साधा क्रूस आहे, त्यावर ख्रिस्ताचे शरीर नाही. क्रूसाच्या माथ्यावर पानांची एक मोठी गोल माळ आहे, तिच्या आत ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरे. खाली दोन पहारेकरी बसलेले. ती माळ जिंकणाऱ्याच्या डोक्यावर घालायची. आपल्याकडे कुस्ती मारलेल्या पैलवानाला फेटा बांधतात तसे समजा. कडे या माळेतून आले असावे असे अनेकांना वाटते. मग त्या गोलाचा अर्थ असा होतो की ज्याला वधस्तंभावर टांगून संपवले असे वाटले तोच तिथे जिंकला. कलस्सैकरांस पत्र २:१४-१५ मध्ये पौल नेमके हेच म्हणतो. १ करिंथ ९:२५ मधला न सुकणारा हारही आठवा.

कड्याला आदि ना अंत, म्हणून ते देवाच्या अनंत प्रेमाचे चिन्ह, असेही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. गोड आहे, चुकीचे म्हणणार नाही, पण मला तो नंतर लावलेला अर्थ वाटतो. ज्यांनी दगड घडवले त्यांनी काय सांगायचे होते ते कड्यात कमी आणि खांबावर जास्त कोरले आहे.

आयर्लंडमध्ये मॉनास्टरबॉइस इथे सुमारे अठरा फूट उंचीचा एक क्रूस आहे, म्युरेडाखचा क्रूस म्हणतात. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात. खाली दोन मांजरे कोरलेली आहेत (का, कोण जाणे, पण बघून बरे वाटते) आणि तिथेच हा क्रूस करवून घेणाऱ्या म्युरेडाखसाठी प्रार्थना करावी अशी विनंती कोरली आहे. खालून वर बघत जा. आदाम आणि हव्वा झाडाशी, त्यांच्या शेजारीच काइन हाबेलाला मारतो आहे. वर दाविद आणि गल्याथ. त्याच्यावर मोशे खडकावर काठी मारतो आणि तहानलेले लोक रांगेने बसले आहेत. मग मागी लोक बाळ येशूकडे आलेले. आणि मधोमध, कड्याच्या आत, न्यायाचा दिवस, ख्रिस्त राजा होऊन बसलेला. दुसऱ्या बाजूला, कड्याच्या आत, त्याच जागी, वधस्तंभावरचा ख्रिस्त. ज्या लोकांना अक्षर येत नव्हते, ज्यांच्या हातात पुस्तक नव्हते, त्यांच्यासाठी हा दगडावरचा पवित्र शास्त्राचा अभ्यास होता. बाप मुलाला पुढे उभा करून बोट दाखवत असेल. पाप इथून सुरू झाले बघ, आणि संपले ते इथे.

आता आपल्या देशाकडे येऊ, कारण क्रूसाला मातीचा रंग लागणे हे काही तिकडेच झाले नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर तुम्हाला गोरोबाकाकांमुळे माहीत असेल. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात याच तेरचे नाव तगर म्हणून येते. इथून गाड्या भरून कापड निघत असे आणि परदेशी जहाजांवर चढत असे. त्याच पुस्तकात कल्याण बंदराचेही नाव आहे. पुढे सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले की कल्लियाना इथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियात नेमला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे कोलंबा आयोनावर उतरला त्याच शतकात इकडे पश्चिम किनाऱ्यावर प्रभूची उपासना होत होती. आम्ही खेड्यातले ख्रिस्ती लोक आपल्या विश्वासाचे वय मिशनरी साहेबांपासून मोजतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्या पर्शियन मंडळीने घडवलेले क्रूसही सापडले आहेत. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ मध्ये पोर्तुगिजांना एक मिळाला, केरळात कोट्टायमच्या जुन्या चर्चमध्ये आहेत, आणि २००१ मध्ये गोव्यात जुवारी नदीच्या काठी आगशी इथे फादर कॉस्मे कोस्ता यांना एक सापडला. (हे गोव्यातले आगशी, वसईजवळचे आगाशी नव्हे.) आगशीच्या क्रूसावर पहलवी, म्हणजे जुन्या पर्शियन लिपीतला मजकूर आहे. या क्रूसांवर ख्रिस्ताचे शरीर नसते. चारही टोकांना कळ्या फुटलेल्या असतात, आणि चेन्नईच्या क्रूसावर वरून कबुतर उतरताना दिसते. सुकलेल्या लाकडाला कळ्या! आयर्लंडच्या पाथरवटाला माळ सुचली, इकडच्या पाथरवटाला कळी. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते, पण दोघे सांगत होते ते एकच, की इथे मरण संपले.

गोव्यात घरासमोरचे क्रूस बघा. खालचा चौथरा बहुतेक वेळा तुळशीवृंदावनाच्या घडणीचा. ज्या गवंड्याचा हात वृंदावन बांधण्यावर बसलेला, तोच क्रूसाचा चौथरा बांधणार, दुसरे काय करणार? मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा ईस्ट इंडियन लोकांनी वांद्र्यापासून गिरगावपर्यंत गल्लोगल्ली क्रूस उभारले आणि तिथे जमून प्रार्थना केल्या. आणि आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे बोधचिन्ह डोळ्यांसमोर आणा. कमळ, त्यात क्रूस आणि प्याला, भोवती वर्तुळ. १९७० पासून ते आपल्या कागदांवर आहे. आमच्या वडिलांना मी हे दाखवले. पावतीपुस्तक त्यांच्याच खिशात होते. ते हसले, आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

पण त्यांच्या हरकतीत सत्याचा अंश आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही.

त्यांचा मुद्दा असा की एखाद्या वस्तूचे मूळ अशुद्ध असेल तर ती देवाच्या कामाला चालत नाही. ठीक. पण मग सगळ्यात आधी क्रूसच काढावा लागेल. क्रूस मुळात कुणाचा? रोमी सरकारचा. गुलाम आणि बंडखोर यांना नागडे करून, रस्त्याच्या कडेला, लोकांना दहशत बसावी म्हणून टांगायचे साधन. अनुवाद २१:२३ प्रमाणे तर टांगलेला शापित. पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांनी क्रूस उघडपणे क्वचितच रेखाटला. रोममध्ये भिंतीवर ओरखडलेले एक जुने चित्र सापडले आहे. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला एक भक्त, आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो अशा अर्थाची टिंगल. वधस्तंभाची पहिली चित्रे आपल्या शत्रूंनी काढली! आपल्या मराठी शास्त्रात क्रूस हा शब्द न घेता वधस्तंभ हा शब्द ठेवला, हे मला फार बरे वाटते. क्रूस हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, तो गळ्यात घालता येतो. वधस्तंभ म्हटले की अंगावर काटा येतो. तेव्हा मुळावरून न्याय करायचा असेल तर कड्याच्या आधी त्या दोन लाकडांचा करावा लागेल, आणि तो न्याय देवाने करून टाकला आहे. शापाची वस्तू त्याने तारणाची केली (गलती ३:१३).

उलट बाजूही आहे, आणि ती जास्त भीतीदायक आहे. गणना २१ मधला पितळी साप देवाच्याच आज्ञेने केलेला होता. त्याच्या मुळात काहीच अशुद्ध नव्हते. प्रभू येशूने स्वतः योहान ३:१४ मध्ये त्याची साक्ष काढली. तरी काही शतकांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. त्याला नेहुश्तान म्हटले, म्हणजे नुसते पितळ. शुद्ध मुळाची वस्तू अशी बिघडते. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या धर्मसुधारणेनंतर लोकांनी असेच कित्येक जुने क्रूस फोडले. त्याच स्कॉटलंडच्या मंडळीशी आपल्या मराठवाड्याचा संबंध आहे. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे त्यांचेच, ज्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल वसवले. त्यांच्या पिढीतल्या स्कॉटिश चर्चच्या भिंती साध्या, कोऱ्या. आणि गंमत अशी की त्याच एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश आणि आयरिश लोक पूर्वजांची आठवण म्हणून कबरांवर पुन्हा कडे असलेले क्रूस बसवू लागले. ब्रिटिश काळातल्या दफनभूम्यांतून ते आपल्या देशातही आले. फोडणारे आजोबा आणि बसवणारे नातू, दोघे एकच शास्त्र वाचत होते. मला वाटते दोघेही आपापल्या वेळी बरोबर असू शकतात.

तरुणांसाठी एक सांगून ठेवते. युरोप-अमेरिकेत गोऱ्या वर्णाचा गर्व करणारे काही द्वेषी गट आखूड हातांचा, वर्तुळातला क्रूस आपले निशाण म्हणून वापरतात. मॉनास्टरबॉइसच्या क्रूसाशी त्याचा काही संबंध नाही, त्यांनी तो पळवला आहे. पण इंटरनेटवरून चित्र उचलून टी-शर्टवर छापण्याआधी बघून घ्या. आणि आपल्याकडेही क्रूस दुसऱ्याला हिणवण्यासाठी मिरवला जात असेल, तर त्याचेही नेहुश्तानच झाले. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भक्तांनी आमचा तामलवाडीचा रस्ता भरून जातो. कुणाच्या गळ्यात कवड्यांची माळ, कुणाच्या हातात पोत. त्या गर्दीत माझ्या गळ्यातला क्रूस कुणाच्या नजरेला पडला, तर त्याला माझ्या हातून प्यायला पाणीही मिळायला हवे.

त्या कुटुंबाला मी काय सांगितले ते लिहिते. कडे बसवा, त्यात पाप नाही. पण वडिलांना दुखवून बसवू नका, रोम १४ आधी एकत्र वाचा. आणि दगडावर नुसते कडे ठेवू नका, आईचे आवडते वचन खाली कोरून घ्या, म्हणजे उद्या नातवंडे विचारतील तेव्हा वाचून दाखवायला काही असेल. त्यांनी वडिलांना घरी बोलावले, वचन कोणते ते वडिलांनीच सुचवले. आई रविवारी साक्ष देताना नेहमी तेच म्हणायची, हे मुलांना माहीत नव्हते, त्यांना होते. कारागिराला निरोप गेला आहे.

आता पुन्हा गलती ६ कडे या, सतराव्या वचनाकडे. खुणांचा वाद मिटवताना पौल शेवटी म्हणतो की यापुढे मला कोणी त्रास देऊ नका, येशूच्या खुणा मी माझ्या अंगावर वागवतो. त्या कसल्या खुणा? लुस्त्रात दगड मारले त्याचे व्रण (प्रे. कृत्ये १४:१९). फिलिप्पैत छड्या मारल्या त्याचे वळ (प्रे. कृत्ये १६:२२). पाच वेळा चाबूक खाल्ला (२ करिंथ ११:२४). त्याच्या अंगावर कुणी कारागिराने काही कोरले नव्हते. आज घरी वाचताना ही तिन्ही वचने काढा आणि मग सतरावे वचन मोठ्याने वाचा. आपल्या मंडळीत अशा खुणा कुणाच्या अंगावर आहेत, कुणाच्या हातांवर लोकांची सेवा करून घट्टे पडले आहेत, त्यांची नावे प्रार्थनेत घ्या.

प्रार्थना : प्रभू येशू, ज्यांच्या कबरेवर दगड नाही, नुसता मातीचा ढीग आणि बाभळीच्या दोन काटक्या आहेत, त्यांनाही तू नावाने ओळखतोस. त्यांच्या घरच्यांना आज धीर दे. आमेन.

उद्याचे वाचन : रोमकरांस पत्र १४.